समुद्रावरील गळाच्या काठीची बैठक

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यांत चेसिल नांवाचा सुमारें २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा किनारा आहे. तेथें हौशी लोक नावेंत न बसतां कांठावर उभे राहूनच गळानें मासे धरतात. त्यांची काठी साडेतीन ते चार मीटर लांब असून, सुमारें १५० ग्रॅम शिसें शंभर मीटरांपलीकडे फेकण्याइतकी चिवट असते. पूर्वीं अशा काठ्या वेळूच्या करीत. आतां त्या कांचतंतूंच्या किंवा कार्बनतंतूंच्या पोकळ नळीच्या करतात. दोरी गुंडाळण्याचें रीळ काठीवर ज्या जागीं अडकवितात, तिला आपण 'बैठक' म्हणूं. ही बैठक रीळ घट्ट धरीनाशी झाली तर काय करावें, हें येथें सांगावयाचें आहे.

बैठकीची रचना साधी असते. एका नळीवर दोन टोप्या असतात. एक स्थिर व दुसरी सरकती. रिळाचा चपटा पाय दोहोंच्या तोंडांत घालावयाचा आणि आट्यांचें कडें फिरवून सरकती टोपी त्यावर दाबावयाची, एवढेंच काम. परंतु या लहानशा वस्तूवर भार मोठा येतो. रीळ फिरविण्याची मूठ एका बाजूस असल्यामुळें प्रत्येक फेऱ्यागणिक रीळ काठीभोवतीं पिळलें जातें. मासा ओढूं लागला म्हणजे तें पुढें खेचलें जातें. खरी परीक्षा होते ती फेकीच्या क्षणीं. शिसें वेग घेत असतां दोरी रिळापाशीं बोटानें आवळून धरलेली असते. त्याच वेळीं रीळ निसटलें, तर बोट कापतें, किंवा दोरी तुटून शिसें भलतीकडेच सुटतें. तें शेजारीं उभ्या असलेल्या माणसाच्या प्राणावर बेतूं शकतें. म्हणूनच दर औंस शिशास दहा पौंड ताण सहन करील, अशी जाड दोरी पुढच्या टोंकास जोडण्याचा तिकडे प्रघात आहे. पण बैठकच डळमळीत असेल, तर दोरीच्या बळाचा काय उपयोग?

तथापि नवी बैठक हें प्रत्येक ढिलाईवरचें औषध नव्हे; प्रथम दोष कोठें आहे तें शोधावें. आट्यांत वाळू व मीठ सांचून कडें पुरतें फिरत नसेल, तर गोड्या पाण्यानें धुतल्यास काम भागतें. रिळाचा पाय टोपीच्या मानानें फार पातळ असेल, तर दुसरें रीळ लावून पाहावें. नंतर रीळ काढून ठेवून एका हातानें काठी व दुसऱ्या हातानें बैठक धरून पिळून पाहावें. बैठक काठीवर फिरूं लागली, टोपीस चीर गेलेली दिसली, किंवा आटे झिजलेले आढळले, म्हणजे मात्र ती बदलल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आतां मापें घ्यावीं. शाळेच्या प्रयोगशाळेंत आपण वापरतों तो व्हर्नियर कॅलिपर येथें उपयोगीं पडतो. समजा, काठीचा बाहेरचा व्यास २१ मि.मी. आहे आणि नव्या बैठकीचा आंतला व्यास २४ मि.मी. आहे. वजाबाकी ३ मि.मी. येते, म्हणजे सभोंवार दीड मि.मी. पोकळी राहते. ही पोकळी कशानें व कितपत भरली जाते, यावरच सर्व दुरुस्तीचें यश अवलंबून असतें.

जुनी बैठक उपटून काढण्याचा यत्न करूं नये. तिच्या लांबीवर समोरासमोर दोन चरे करवतीनें पाडावे. चरा खोल होत आला म्हणजे करवत ठेवून कानस घ्यावी व काठीस स्पर्श होण्यापूर्वींच थांबावें. मग चऱ्यांत पेंचकस घालून हळूच पिळला असतां बैठकीचे दोन भाग होतात. काठीचे तंतु कापले गेले, तर पुढें तेथेंच ती मोडते. म्हणून घाई करूं नये. उरलेली राळ कांचकागदानें घांसावी. ही धूळ फुप्फुसांस अपायकारक असल्यामुळें नाकातोंडावर मुसकें बांधावें. वरच्या बाजूस दोरीच्या कड्या असल्यामुळें नवी बैठक बहुधा बुडख्याकडून सरकवावी लागते. त्याकरितां खालची मूठही काढून मागाहून नवी बसवावी लागते.

पोकळी भरण्यासाठीं कागदी चिकटपट्टीचे वेढे काठीवर द्यावे. मात्र सलग वेढा न देतां, मध्यें बोटभर अंतर सोडून दोन-तीन कडीं करावीं, आणि दोन्ही टोंकें मोकळीं ठेवावीं. त्या अंतरांत दोन भाग मिसळून होणारी एपॉक्सी राळ भरते व बैठक प्रत्यक्ष काठीशीं जोडली जाते. पट्टी टोंकापर्यंत नेली, तर कागदावाटे खारें पाणी आंत शिरून सांधा कुजतो. बैठक वेढ्यांवरून बेताच्या जोरानें सरकली पाहिजे. फार घट्ट असल्यास ती राळ खरवडून बाहेर लोटते.

राळ लावण्यापूर्वीं एकदां सर्व कोरडेंच जुळवून पाहावें. राळ लावतांना बैठक फिरवीत सरकवावी, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहींत. लगेच रीळ अडकवून काठीच्या कड्यांच्या ओळींतून डोळा लावून पाहावें; रीळ त्याच ओळींत आलें पाहिजे. आट्यांवर आलेली राळ ओली असतांनाच पुसावी. यासाठीं सावकाश आळणारी राळच घ्यावी व एक अहोरात्र काठीस हात लावूं नये. पुढें पहिल्या दिवशीं हलकें शिसें बांधून, आसपास कोणी नाहीं असें पाहून, फेक करून पाहावी.

कुऱ्हाडीचें पातें कितीही धारदार असलें, तरी दांडा सैल असल्यास आपला शेतकरी आधीं पाचर ठोकतो, मगच लांकडावर घाव घालतो. तें पातें निसटलें तर कोणाच्या अंगावर जाईल, हें त्यास ठाऊक असतें. काठीच्या बैठकींतील दीड मिलिमीटर पोकळीकडेही त्याच नजरेनें पाहिलें पाहिजे.