मेंदूच्या आवरणाची गाठ आणि सीटी स्कॅन

घरातल्या बाईची डोकेदुखी हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. ऊन लागले, झोप झाली नाही, चष्म्याचा नंबर वाढला, अशी कारणे घरातच ठरतात. दुकानातून आणलेली गोळी घेऊन ती पुन्हा स्वयंपाकाला लागते. आमच्या शाळेच्या पालकसभेला येणाऱ्या आया मुलांच्या सर्दी-खोकल्याबद्दल भरभरून बोलतात, स्वतःच्या दुखण्याचा विषय निघाला की ओढणी सावरत हसतात आणि म्हणतात, "काही नाही, होईल बरं."

बहुतेक वेळा ते बरे होतेही. डोके दुखणाऱ्या बहुतेकांच्या मेंदूत गाठ नसते, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. पण जिच्या डोक्यात ती असते, तिची वर्षे अशा बोलण्यातच निघून जातात.

ही गाठ कोणती?

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. त्यांच्यातून वाढणाऱ्या गाठीला मेनिंजिओमा म्हणतात. अमेरिकेतील शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली हे नाव रूढ केले. मेंदू आणि त्याच्या आवरणांत सुरू होणाऱ्या गाठींपैकी साधारण एक तृतीयांश गाठी याच प्रकारच्या असतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे दुप्पट असून ते वयाबरोबर वाढते. दिलाशाची गोष्ट ही की यांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि सावकाश वाढतात. मात्र कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. आतली गाठ साधी असली, तरी ती मेंदूलाच दाबते.

कोणत्या दुखण्याकडे लक्ष द्यावे?

फजरला उठतानाच डोके ठणकत असेल, सजद्यात गेल्यावर, वाकल्यावर किंवा खोकल्यावर दुखणे वाढत असेल, सोबत उलट्या होत असतील आणि हे दिवसेंदिवस वाढत चालले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. चष्मा बदलूनही एका डोळ्याची नजर कमी होत जाणे, एका बाजूच्या हातापायातली ताकद जाणे, फोडणी करपली तरी वास न येणे, हीही लक्षणे आहेत. कधी स्वभावच बदलतो. हौसेने घर चालवणारी बाई अबोल, विसराळू, बेफिकीर होते आणि घरचे तिला आळशी म्हणू लागतात.

मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट हे तर तातडीचे लक्षण आहे. अशा वेळी रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि लगेच दवाखाना गाठावा. काही घरांत मात्र 'असर झाला' म्हणून आधी तावीज आणि झाडफुंक चालते. दुआ जरूर करावी. दुआ आणि दवा यांच्यात भांडण नाही. पण झाडफुंकीत गेलेले महिने गाठ वाढण्यात जातात.

सीटी स्कॅनमध्ये काय दिसते?

पूर्वी मेंदूची गाठ शोधण्यासाठी कमरेतून हवा भरून एक्स-रे काढावे लागत. तो प्रकार फार वेदनेचा होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक स्त्रीच होती. हे यंत्र बनवणारे अभियंते गॉडफ्रे हौन्सफील्ड यांना आणि त्यामागचे गणित मांडणारे अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रात क्ष-किरण डोक्याभोवती फिरतात आणि संगणक पावाच्या कापांसारखी आतली चित्रे तयार करतो. हाड पांढरे दिसते, मेंदू करडा आणि पाणी काळे. मेनिंजिओमा बहुधा मेंदूपेक्षा किंचित पांढरट, कडेच्या आवरणाला रुंद बुडाने चिकटलेला दिसतो. कधी त्यात चुन्याचे कण असतात, कधी शेजारचे हाड जाड झालेले असते. काही गाठी मेंदूच्याच रंगाच्या असल्याने साध्या स्कॅनमध्ये निसटू शकतात. म्हणून डॉक्टर शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन पुन्हा चित्रे घेतात. त्या औषधाने गाठ उजळून दिसते.

तपासणीला जाताना

तपासणी काही मिनिटांची असते आणि दुखत नाही. केस कापावे लागत नाहीत. कानातले, नथनी, केसांच्या आणि स्कार्फच्या पिना काढाव्या लागतात. महिला कर्मचारी हवी असल्यास तसे आधीच विचारावे. गर्भ असण्याची शक्यता, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाच्या गोळ्या, पूर्वी आलेली औषधाची अ‍ॅलर्जी, हे सारे न विचारताही सांगावे. इंजेक्शन देताना अंगात गरम वाटते, त्याने घाबरू नये.

किरणांची भीती अनेकांना वाटते. डोक्याच्या एका स्कॅनमधून साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून वर्षभरात माणसाला जवळपास तेवढाच मिळत असतो. म्हणून साध्या डोकेदुखीसाठी स्कॅनचा हट्ट धरू नये. डॉक्टरांनी सांगितल्यावर टाळूही नये.

अहवालानंतर

सीटी स्कॅन संशय पक्का करतो. शेवटचा शब्द त्याचा नसतो. गाठ नेमकी कशाला चिकटली आहे हे एमआरआयमध्ये अधिक स्पष्ट दिसते, आणि तिचा प्रकार काढलेल्या तुकड्याच्या तपासणीतूनच ठरतो. लहान, त्रास न देणारी गाठ असेल तर ठरावीक काळाने स्कॅन करून तिच्यावर नुसते लक्षही ठेवतात. बाकींना शस्त्रक्रिया आणि काहींना किरणोपचार लागतात.

आम्ही पिपरी मेघेचे लोक या बाबतीत नशीबवान आहोत. जवळच सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे आणि पलीकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, जिथे १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खर्चाची चिंता असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते तो सांगतो.

म्हणजे अडते ते अंतरामुळे नाही. मुलीचे लग्न होऊ दे, कापूस निघू दे, रमजान सरू दे, असे म्हणत बाई स्वतःला मागे ठेवते आणि आपण तिला ठेवू देतो. आई, बहीण, बीवी यांपैकी कोणी रोज डोक्याला पट्टी बांधत असेल, तर दुखणे कधीपासून आहे आणि केव्हा वाढते, एवढे तरी आजच विचारावे.