दुष्काळावरील कायमचा उपाय : खडकांतील पाणी, शास्त्र आणि गांवची शाळा



ह्या अहवालाच्या इतर पानांत धान्य, कडबा व टँकरचें पाणी ह्यांचा जमाखर्च आपण पाहालच. भुकेल्यास अन्न व तहानेल्यास पाणी देणें हें आद्य कर्तव्य होय, ह्याविषयीं दुमत नाहीं. परंतु त्याच त्या गांवांस पुनःपुनः मदत कां लागते, आणि दिलेलें द्रव्य बुडीत खातीं तर जात नाहीं ना, अशी शंका व्यवहारदक्ष दात्याच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. तिचें समाधान करावें, ह्या हेतूनें पुढील विवेचन सादर केलें आहे.

प्रथम पावसाचा हिशेब पाहूं. सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यांत वर्षास सरासरीनें सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळतें; तेव्हां ५०० मिलिमीटरांचें हेक्टरीं ५० लक्ष लिटर झालें. माणशीं रोज ४० लिटर धरल्यास एवढ्यावर ३४० माणसांचा वर्षाचा निर्वाह होईल. अर्थात् हें सर्व पाणी हातीं लागत नाहीं. पाऊस थोड्याच दिवसांत धो धो पडून जातो; कांहीं पाणी ओढ्यांनीं वाहतें, कांहीं उन्हानें उडतें, आणि उरलेलें जमिनींत मुरतें. ह्या मुरलेल्या पाण्यावरच विहिरी चालतात.

परंतु आमची भूमि ह्या बाबतींत कृपण आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण बनला, व महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्यानेंच व्यापिला आहे. अखंड काळ्या पाषाणांत पाण्यास जागाच नसते. पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत, खडकाच्या भेगांत व सांध्यांत, आणि कांहीं थरांच्या सच्छिद्र माथ्यांत. म्हणूनच एका विहिरीस पाणी लागतें आणि पन्नास पावलांवरची दुसरी कोरडी राहते. शेतकरी पाणाड्यानें दाखविलेल्या जागीं नारळ फोडतो, दागिने किंवा जमीन गहाण ठेवून विहीर खोदतो, आणि खालीं कोरडा पाषाण लागला म्हणजे पाऊस चांगला झालेल्या वर्षींही कर्जबाजारी होतो. दुष्काळाचें बीज असें सुकाळांतच पेरलें जातें.

येथें शास्त्र उपयोगी पडतें. जमिनींत एका रेषेंत सारख्या अंतरावर लोखंडाच्या चार सळया रोंवतात. बाहेरच्या दोन सळयांतून विजेचा प्रवाह सोडतात व आंतल्या दोन सळयांमधील विद्युद्दाब मोजतात. ह्या दोहोंवरून जमिनीचा विजेस होणारा विरोध काढितां येतो. अखंड कोरडा पाषाण विजेस पुष्कळ विरोध करितो. पाण्यानें भरलेला मुरूम किंवा भेगाळ खडक थोडा करितो. सळयांमधील अंतर वाढवीत गेलें म्हणजे प्रवाह अधिकाधिक खोल जातो, आणि कोणत्या खोलीवर काय असावें ह्याचें अनुमान बांधतां येतें. हें अनुमानच होय, भविष्यवाणी नव्हे. चिकणमातीही विजेस थोडाच विरोध करिते. म्हणून आजूबाजूच्या विहिरींचे थर पाहूनच निर्णय करावा लागतो. तथापि आंधळेपणानें खोदण्यापेक्षां ही रीत कितीतरी स्वस्त पडते.

असें शास्त्र शहरांतील प्रयोगशाळेंत राहिलें तर गांवास त्याचा लाभ नाहीं. तें गांवांत कसें रुजवावें ह्याचें उदाहरण पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील पाबळ गांवीं पाहावयास मिळतें. हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागांतील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं ह्या अवर्षणग्रस्त गांवीं विज्ञान आश्रम स्थापिला. हातानें काम करीत, गांवाच्या खऱ्या गरजा भागवीत मनुष्य शिकतो, हें त्यांचें सूत्र. शाळेंत न रमलेलीं मुलें तेथें लोहारकाम, सुतारकाम, वीजकाम, शेती, पशुपालन, आहार व आरोग्य ह्यांतील कामें करूनच गणित व विज्ञान शिकतात. भूगर्भांतील पाणी शोधण्याचें वरील यंत्र तेथें स्वल्प खर्चांत तयार करण्यांत आलें, आणि विद्यार्थ्यांनीं तें शेताशेतांवर नेऊन पाहणी केली. ओहमचा नियम फळ्यावर पाठ करण्याऐवजीं त्यांनीं तो बांधावर वापरला. डॉ. कलबाग २००३ सालीं निवर्तले. परंतु त्यांनीं घालून दिलेली शिक्षणपद्धति मागें राहिली.

ही दृष्टि अगदींच नवी नव्हे. १९२३ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें, व १९३३ पासून सोलापुरास, कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. बांध घालावेत, पेरणी विरळ करावी, कोळपण्या देऊन ओल राखावी, हे त्यांतून निघालेले धडे आजही खरे आहेत. उणीव आहे ती ते धडे व हीं यंत्रें प्रत्येक गांवीं चालविणाऱ्या हातांची.

जमीनदार गृहस्थांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. यंत्र पाणी दाखवितें. निर्माण करीत नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचा प्रसार झाला, आणि एकाची विहीर खोल गेली म्हणजे शेजाऱ्याची आटते, हाही अनुभव आला. म्हणून शोधाबरोबर भरणा व वांटणी हीं आलींच. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे ह्यांनीं त्याच दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथें पाण्याचा वांटा जमिनीच्या प्रमाणांत न देतां कुटुंबांतील माणसांच्या संख्येवर दिला, भूमिहीनांसही हक्क दिला, आणि उंसासारखें पाणी खाणारें पीक वर्ज्य केलें. ज्यांच्यापाशीं जमीन अधिक, त्यांनीं अशी मर्यादा आपण होऊन पाळल्यावांचून कोणतेंही शास्त्र गांवास तारणार नाहीं.

तरी आमची विनंति अशी कीं, अन्न, चारा व पाणी ह्यांसाठीं आपण द्याल त्यांतील कांहीं अंश ह्या कामीं खर्चण्याची अनुज्ञा द्यावी. त्यांतून गांवच्या शाळेस पर्जन्यमापक व विहिरींची पातळी मोजण्याची दोरी मिळेल; चार-सहा गांवांमिळून एक यंत्र घेतां येईल; आणि गांवचा एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी वर्षभर शिकून परत येईल. टँकरचें पाणी संध्याकाळीं संपतें. बांधावर सळया रोंवून स्वतः आंकडे मांडणारा मुलगा गांवांत राहतो, आणि पुढची विहीर खोदण्यापूर्वीं शेतकऱ्यास थांबवून विचार करावयास लावितो. एक कोरडी विहीर टळली तरी एक कुटुंब कर्जांतून वांचतें. ह्या व्यापारांतील नफा कोणता, हें आपणांसारख्या जाणत्यांस अधिक सांगणें नलगे.