घरटी एक लेकरू

आमच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा फौजदार झाला तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. पहिली नेमणूक गडचिरोलीला निघाली आणि काकूंनी अंथरूणच धरलं. त्याला कारणही तसंच. १ मे २०१९ ला गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस जवान गेले, त्यात एक आपल्या पाटोद्याचा होता.

दिवाळीला मुलगा सुखरूप घरी आला. मी फराळाला गेले होते. बोलता बोलता त्यानं एका मुलीची गोष्ट सांगितली. शरण आलेली मुलगी. तिला वय विचारलं तर सांगता येईना. "आश्रमशाळेत पाचवीला होते, त्या उन्हाळ्यात नेलं," एवढंच म्हणाली. बंदूक मात्र डोळे मिटून खोलायची आणि जोडायची. आई भेटायला आली, तर तिनं आधी लेकीचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. बोटं सगळी आहेत ना!

काकूंच्या हातातली करंजी हातातच राहिली.

घरी आल्यावरही ती पोर डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचत गेले. १९८० च्या सुमाराला आंध्रातून प्राणहिता ओलांडून नक्षलवादी सिरोंच्याकडे आले. सुरुवातीला तेंदूपानाची मजुरी वाढवून दिली, जंगलखात्याच्या माणसांची दांडगाई थांबवली, म्हणून लोकांना ते आपले वाटले. हे खरंच आहे, नाकारून चालणार नाही. पण पुढे गावाकडे भाकरीबरोबर लेकरंही मागायला सुरुवात झाली. शेजारच्या छत्तीसगडबद्दल ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २००८ मध्ये अहवाल काढला. सहा ते बारा वर्षांची लेकरं 'बाल संघम'मध्ये घ्यायची, पोलीस आले की खबर द्यायची. बारानंतर नाचगाण्याचं पथक, मिलिशिया, मग दलम. अशी ही चढती इयत्ता! आपली पोरं त्या वयात स्कॉलरशिपची परीक्षा देतात.

श्रीलंकेत तमिळ वाघांनीही घरटी एक माणूस मागितला होता. पोरगं वाचावं म्हणून तिथल्या आयाबापांनी कोवळ्या वयात लग्नं लावून दिली. बाईच्या जातीला हे लगेच कळतं. संकट कुठलंही असो, तोडगा पोरीचं लग्न!

आणि एकाच बाजूला बोल लावून चालणार नाही. छत्तीसगडमध्ये २००५ ला 'सलवा जुडूम' सुरू झालं, तेव्हा सरकारनं आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमलं. नाव केवढं मोठं, मानधन महिना तीन हजार. गावातल्याच पोराच्या हाती गावातल्याच पोराविरुद्ध बंदूक. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं ते बंद करायला सांगितलं.

कोणी म्हणेल, काही पोरी आपणहून जातात. जातात ना. घरी नको ते लग्न ठरलेलं असतं, पोटभर जेवण नसतं, गाणी म्हणणारं पथक गावात येतं. पण 'स्वखुशीनं गेली' हा शब्द ऐकला की मी सावध होते. आमच्या तालुक्यात मुकादमाची उचल घेतली की आईबापाच्या कोयत्यामागं पोरगीही कारखान्यावर जाते. तिला कोण विचारतं? वर सांगतात, "तिलाच शाळेची गोडी नव्हती." ऊस आणि बंदूक एक नव्हे, हे मला कळतं. पण तेरा वर्षांच्या लेकराची मर्जी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. कायद्यानं तो निकालात काढलाय. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा टोळीनं मूल भरती केलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. मूल राजी होतं का, हे तिथं विचारतच नाहीत.

दलममध्ये गेल्यावर संसाराचं काय? लग्न करायचं तर नवऱ्याची आधी नसबंदी, असं शरण आलेल्या अनेकांनी सांगितलंय. मूल झालं तर बाई चालणार कशी, लढणार कशी! बाहेर आल्यावर काहींनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांच्या घरी पाळणा हलला. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता चित्र बदललंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या मोठ्या नेत्यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. फोटोत बाकीचे चेहरे पाहत होते मी. यातलं कोण कितव्या वर्षी गेलं असेल?

परवा काकू भेटल्या. मुलाच्या बदलीचा अर्ज गेलाय म्हणे. मग एकदम म्हणाल्या, "ती पोरगी हो, पाचवीतली. तिला आता कितवीत बसवणार?"

मी म्हटलं, "मुलाला विचारा फोनवर."

"विचारलं," काकू म्हणाल्या. "तो म्हणतो, शिवणक्लासला घातलंय."