एकविशीच्या आतला कैदी

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणातील अब्रूनुकसानीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे, शिकलेसवरलेले, आणि बाहेर पडताच गावाने त्यांना डोक्यावर घेतले. पुढे त्याच तुरुंगाच्या जागी मुलांचे निरीक्षणगृह झाले. लोक त्याला अजून ‘रिमांड होम’च म्हणतात. तेथून बाहेर पडणाऱ्या पोराला मात्र कोणी डोक्यावर घेत नाही. बहुधा कोणी दारातही उभे करीत नाही.

मुलाला मोठ्या गुन्हेगारांच्या संगतीत ठेवू नये, हा विचार आपल्याकडे तसा जुना आहे. १८९७ च्या कायद्याने मुलांसाठी सुधारशाळांची सोय केली. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांचा विचार निराळा करावा असे सुचविले, आणि मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी मुलांसाठी कायदे केले. आजचा कायदा २०१५ चा. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवायचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दिल्लीच्या २०१२ सालच्या अत्याचारातील एक आरोपी अठराच्या आतला निघाला, त्यावरून लोकांत संताप उसळला, आणि अत्यंत गंभीर गुन्हा असेल तर सोळा ते अठरा वयाच्या मुलावर चौकशीअंती मोठ्या माणसाप्रमाणे खटला चालविता येईल अशी वाट या कायद्यात ठेवली गेली. त्या वाटेविषयी पुष्कळ वाद झाला, अजून होतो. पण माझ्या मते खरी अडचण त्या मूठभर भयंकर खटल्यांत नाही. ती अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते.

समजा, एकोणीस वर्षांच्या एका मुलाने दुकानातून पंधरा हजारांचा फोन उचलला. पहिलाच गुन्हा. चोरीला शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची. आता १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम पाहा. जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसेल, तर एकवीस वर्षांखालील आरोपीला न्यायालयाने शक्यतो तुरुंगात धाडू नये, परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे ज्याला कोर्टात सगळे ‘प्रोबेशन ऑफिसर’ म्हणतात त्याचा, अहवाल मागवावा, आणि तुरुंगात पाठवायचेच तर त्याची कारणे लिहून ठेवावीत, असे हा कायदा सांगतो. म्हणजे आपला हा मुलगा दोषी ठरला, तरी बहुधा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी जाईल. कायदा शहाणा आहे, यात शंका नाही.

पण हा शहाणपणा उपयोगी पडतो तो निकालाच्या दिवशी. निकाल लागेपर्यंत काय? ही चोरी बिनजामिनाची. न्यायाधीशाने जामीन दिला तरी जामीनदार हवा, आणि त्याच्याकडे ऐपतीचा कागद हवा. बाप दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेला. शेठने गुन्हा दाखल होताच नावच काढून टाकलेले. मग जामिनाचा हुकूम कागदावर राहतो आणि पोरगा बराकीत. तारखांवर तारखा पडतात. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाने २०२४ पासून मोठी सवलत दिली, ती अशी की पहिलाच गुन्हा असेल तर शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका व्हावी. तीन वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक वर्ष. दोषी ठरल्यावर ज्याला एक दिवसही आत बसावे लागले नसते, त्याला दोषी ठरण्याआधी एक वर्ष बसविणे ही आपली सवलत!

हा मुलगा माझ्या कल्पनेतला असला, तरी त्याची जात विरळा नव्हे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. आणि या कच्च्या कैद्यांत अठरा ते तीस वयाचे निम्म्याच्या जवळपास.

बराकीत हा मुलगा करतो काय? शिक्षा झालेल्या सक्तमजुरीच्या कैद्याला निदान काम असते, हातमाग असतो, सुतारकी असते. कच्च्या कैद्याला काम सक्तीचे नाही. ऐकायला हे बरे वाटते. पण एकोणीस वर्षांच्या पोराला दिवसभर रिकामे बसविले की तो शेजाऱ्याच्या गोष्टी ऐकतो. कुलूप कसे उघडावे, माल कोणाकडे खपतो, सुटल्यावर कोणाला भेटावे, हे सगळे तो फुकट शिकतो.

फोन गेला त्या दुकानदाराचे काय, असे कोणी विचारील. रास्त आहे. त्याला फोन परत मिळावा, नुकसान भरून मिळावे. परिवीक्षेच्या कायद्यात भरपाई देववण्याचीही तरतूद आहे. पोरगा बराकीत बसून त्याच्या गल्ल्यात काही पडत नाही.

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. जामीनदार मात्र प्राधिकरण कोठून आणणार? परिवीक्षेवर सोडतानाही न्यायालय एक गोष्ट पाहते: आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला त्या मुलखात राहण्याचे कायम ठिकाण किंवा नेमाचा धंदा आहे की नाही. अशी ठिकाणे आणि असे धंदे या सभागृहात बसलेल्या कितीतरी जणांपाशी आहेत.