दार लागलं की पोपट का किंचाळतो?

तुम्ही चपला घालता, किल्ली वाजते आणि पिंजऱ्यातला कॉकॅटील तुरा ताठ करून किंचाळायला लागतो. (कॉकॅटीलच, कारण आपला हिरवा राघू पाळायला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तरी घरोघरी दिसतो, ते सोडा.)

हा राग नव्हे, हाक आहे. ऑस्ट्रेलियाच्या माळरानांवर हे पक्षी थव्याने फिरतात. सोबती नजरेआड झाला की साद घालतात, पलीकडून उत्तर आलं की गप्प होतात. घरात त्याचा थवा म्हणजे तुम्ही.

खरी गोम पुढे आहे. किंचाळी ऐकून तुम्ही दटावायला परत येता. त्याच्या लेखी हाक लागू पडली! बराच वेळ दुर्लक्ष करून शेवटी आलात तर आणखी वाईट. कधीतरीच लागणाऱ्या लॉटरीसारखी ती सवय जास्त घट्ट होते.

म्हणून उत्तर द्या, पण किंचाळीला नव्हे. एक ठरावीक शीळ निवडा आणि तो हळू आवाजात बोलला की लगेच दुसऱ्या खोलीतून ती वाजवा. अधूनमधून किल्ली उचलून घरातच बसा, म्हणजे किल्लीचा धसका जातो. निघताना राळ्याचं कणीस कागदात गुंडाळून द्या. कागद फाडण्यात तो रमतो. सुरुवातीला ओरडणं उलट वाढेल, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.