सहकाराचा हक्क : न्यायालयाने काय रद्द केले, काय राखले?

गाळप हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. पहिल्या उचलीचा आकडा जाहीर होतो आणि शिरोळ तालुक्यात गावोगाव त्याचाच हिशेब सुरू होतो. कारखाना, दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, यांपैकी कशाचाच सभासद नाही असे घर इथे सापडणे कठीण. पण सभासद म्हणून राज्यघटनेने आपल्याला काय दिले, असे विचारले की उत्तरे अर्धवट येतात. आपला हक्क ठाऊक नसलेल्या सभासदाला गप्प बसवणे सोपे असते. म्हणून काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : सर्वोच्च न्यायालयाने ९७वी घटनादुरुस्ती रद्द केली, सहकाराचा मूलभूत हक्क संपला.

वस्तुस्थिती : १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने तीन गोष्टी केल्या. कलम १९ मध्ये संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याला सहकारी संस्थांची जोड दिली. मार्गदर्शक तत्त्वांत सहकाराला प्रोत्साहन देणारे नवे कलम आणले. आणि संस्थांचा कारभार कसा चालावा हे सांगणारा ‘भाग ९-ब’ घातला. वाद झाला तो या तिसऱ्या गोष्टीवर. पहिल्या दोन्ही आजही घटनेत आहेत. सहकारी संस्था स्थापणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे.

गैरसमज २ : संसदेने दोन तृतीयांश मतांनी मंजूर केल्यावर न्यायालयाला हात घालण्याचे कारणच नव्हते.

वस्तुस्थिती : सहकार हा राज्यसूचीतला विषय. राज्यांच्या अधिकारक्षेत्राला धक्का लावणारी घटनादुरुस्ती असेल, तर कलम ३६८ नुसार किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचा दुजोरा लागतो. तो घेतलाच नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर २०१३ मध्ये भाग ९-ब घटनाबाह्य ठरवला. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने निकाल दिला. न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. भूषण गवई यांनी सांगितले की, एकाच राज्यात काम करणाऱ्या संस्थांना हा भाग लागू होणार नाही. बहुराज्य संस्थांपुरता मात्र तो टिकेल. न्या. के. एम. जोसेफ यांच्या मते असे तुकडे पाडून तो वाचवता येत नव्हता. नागरिकाचा हक्क राखून राज्यांचा अधिकारही जपणारा हा निकाल आहे.

शिरोळ तालुक्याला हा फरक जवळचा आहे, कारण पलीकडे बेळगाव जिल्हा लागतो. दोन्ही राज्यांत कार्यक्षेत्र असलेली संस्था २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली येते आणि तिचा निबंधक केंद्राचा असतो. आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे, हे प्रत्येक सभासदाने आधी पाहावे.

गैरसमज ३ : भाग ९-ब गेला, म्हणजे वेळेवर निवडणूक, महिलांच्या राखीव जागा, लेखापरीक्षण ही बंधनेही गेली.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्राने स्वतःच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात दुरुस्ती करून ही बंधने आणली. संचालक मंडळाची २१ ची मर्यादा, पाच वर्षांची मुदत, महिलांसाठी दोन जागा, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा हे सारे राज्याच्या कायद्यातून आले आहे. विधिमंडळाला तो अधिकार पहिल्यापासून होता. ‘आता कोर्टानेच रद्द केलंय’ असे म्हणून कोणी सभा टाळत असेल, तर ते ऐकून घेऊ नये.

गैरसमज ४ : मूलभूत हक्क आहे, तेव्हा संस्थेने अन्याय केला की थेट उच्च न्यायालय गाठायचे.

वस्तुस्थिती : घटनेतला हक्क संस्था स्थापण्याचा आहे. आत गेल्यावर सभासदाचे हक्क कायदा आणि पोटनियम ठरवतात, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने दमन सिंग खटल्यात १९८५ मध्ये घेतली आणि २००५ च्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या निकालातही तीच राहिली. पण याचा अर्थ दाद नाही असा नव्हे. सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, असे राज्याच्या कायद्याचे कलम २३ सांगते. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. संस्थेच्या कारभाराचे वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. कायद्यातला हा मार्ग असताना थेट रिट याचिका सहसा टिकत नाही.

गैरसमज ५ : सहकारी संस्थेला माहितीचा अधिकार लागू नाही, म्हणजे कागद मागताच येत नाहीत.

वस्तुस्थिती : केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या खटल्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सरकारचा भरीव निधी नसलेली संस्था त्या कायद्याखाली ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही. पण त्याच निकालानुसार निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि कायद्याने त्याला संस्थेकडून जी माहिती घेता येते, ती त्याच्यामार्फत मागता येते. शिवाय सभासदाला वेगळी वाट आहेच. राज्याच्या कायद्याचे कलम ३२ त्याला पोटनियम, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहू देते. आपल्या ऊसबिलातून कोणती कपात कशासाठी झाली, याची नोंद पाहणे हा उपकार नव्हे, हक्क आहे.

न्यायालयांनी चौकट आखून दिली. ती वापरणे सभासदाच्या हाती आहे. ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेपूर्वी अहवाल मिळवा, ताळेबंद वाचा, प्रश्न लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात सभा गुंडाळू देऊ नका.