चौकडीचा कोट आणि बारामती-इंदापूरची थंडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारे 500 ते 600 मीटर उंचीवर वसलेले असून त्यांच्या हिवाळ्याचे मुख्य लक्षण कडाक्याची थंडी हे नव्हे, तर एकाच दिवसातील तापमानाची मोठी तफावत हे आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी तो 28 ते 30 अंशांपर्यंत चढतो. उसाच्या भिजवलेल्या पट्ट्यात आणि उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला पहाटेचा गारवा ओलसरपणामुळे अधिक झोंबतो. पुरुषांनी थंडीत नक्षीदार ब्लेझर कसा वापरावा याविषयीचा बहुतेक प्रचलित सल्ला मात्र दिवसभर आभाळ झाकोळलेले असते अशा थंड देशांतून आलेला असल्यामुळे, तो जसाच्या तसा उचलला की लग्नाच्या मांडवात दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला घामाने निथळणारा पाहुणा दिसतो. या विषयातील बरेच गैरसमज येथूनच सुरू होतात.

प्रथम शब्दांविषयी. आपल्याकडे पँटपेक्षा वेगळ्या कापडाच्या कोणत्याही कोटाला सरसकट ब्लेझर म्हटले जाते. परंतु मूळ ब्लेझर हा नक्षीदार नव्हे, तर एकरंगी किंवा ठळक पट्ट्यांचा, मंडळाचे वा शाळेचे चिन्ह मिरवणारा कोट होता, आणि या नावाचा उगम केंब्रिजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबच्या नावाड्यांच्या भडक लाल कोटांत सांगितला जातो. चौकडीचा किंवा खडबडीत विणीचा कोट हा त्याहून निराळ्या घराण्याचा, म्हणजे शिकारीच्या आणि रानातल्या वापराच्या स्पोर्ट्स जॅकेटचा वंशज आहे. बोलीत ही दोन नावे एकत्र झाली याने बिघडत काही नाही. पण चौकडीचा कोट मुळात रानातल्या कामाचा पोशाख आहे, हे ध्यानात असले म्हणजे तो कोठे शोभतो आणि कोठे नाही याचा निम्मा उलगडा होतो.

चौकडी ही साहेबी चीज आहे, गावाकडच्या माणसाच्या अंगावर ती उसनी वाटते, हा समज या भागात तरी सर्वाधिक तपासून पाहण्याजोगा आहे. आज नक्षीदार कोटांत सर्वत्र ओळखली जाणारी काळी-पांढरी बारीक चौकडी इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरील मेंढपाळांच्या खांद्यावरील लोकरी शालीतून आली असून इंग्रजीत तिचे नावच ‘मेंढपाळाची चौकडी’ असे आहे. तिच्यातील दोन रंग रंगाऱ्याने दिलेले नव्हते. काळ्या आणि पांढऱ्या मेंढ्यांची न रंगवलेली लोकर आडव्या-उभ्या धाग्यांत आलटूनपालटून घातली की ती चौकडी आपोआप उमटत असे. हाउंडस्टूथ, म्हणजे तुटक, दातेरी कडांची चौकडी, हे तिचेच पुढचे रूप आहे: चार गडद आणि चार फिकट धागे उभ्या ताण्यात व तसेच आडव्या बाण्यात घेऊन तिरक्या विणीने कापड विणले की चौकोनाच्या कडा सरळ न राहता त्यांना दात फुटतात. ग्लेन चेक, ज्याला आपल्याकडील दुकानांत ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतात, ती लहान-मोठ्या चौकटींची गुंफण स्कॉटलंडमधील अर्कर्ट खोऱ्यातली असून 19व्या शतकात तेथील जमीनदारीच्या रानरक्षकांच्या पोशाखासाठी ती वापरली जाई. राजघराण्याने ती पुढे उचलली.

आता बारामती-इंदापूरच्या माळरानाकडे पाहावे. हा धनगरांच्या वाड्यांचा मुलूख. दिवाळीनंतर येथील मेंढरांचे कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, सणगरांनी हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली आणि काठाला पांढऱ्या लोकरीचा पट्टा ओढलेली घोंगडी ही नेमकी त्याच तत्त्वावर, म्हणजे न रंगवलेल्या दोन लोकरींच्या जोरावर, नक्षी साधते. दूरदूरच्या दोन मेंढपाळ समाजांनी एकमेकांना न पाहता एकाच सामग्रीतून एकाच प्रकारची किफायतशीर शोभा घडवली. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या चौकडीचा कोट ज्यांना परका वाटतो त्यांनी घरातली जुनी घोंगडी एकदा उजेडात धरून पाहावी. फरक आहे तो तंतूच्या जाडीचा. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते (कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर तेवढी मऊ), तर कोटाच्या कापडासाठी लागणारी मेरिनो मेंढीची लोकर साधारण 17 ते 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी किंवा त्याहून बारीक असते. ठाण्यात 1925 साली सुरू झालेल्या आणि पुढे रेमंड या नावाने घरोघरी पोचलेल्या लोकरीच्या गिरणीमुळे ‘सूटिंग’ हा शब्द मराठी घरांत रुळला, पण त्याच शब्दाने पुढचा घोटाळाही केला.

तो घोटाळा म्हणजे, सूटिंग म्हटले की त्यात लोकर असतेच, असे मानणे. बाजारात कोटासाठी विकले जाणारे पुष्कळसे कापड पॉलिस्टर आणि व्हिस्कोज यांच्या मिश्रणाचे असते व त्यात लोकरीचा एकही धागा नसतो. टेरीवूल म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर यांचे मिश्रण, आणि शुद्ध लोकर ही तिसरीच गोष्ट. बोटांनी चाचपून हा फरक नेहमी कळत नाही, म्हणून जुने शिंपी कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काडीवर धरतात: लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की विझते आणि उरलेली काळी राख चिमटीत चुरडली जाते, पॉलिस्टर वितळून आकसते आणि त्याचा कडक मणी बनतो, जो नखाने फुटत नाही. लोकरीच्या कापडावरील ‘सुपर 100’, ‘सुपर 120’ हे आकडेही ऊब दाखवतात असे समजले जाते, वास्तविक ते केवळ तंतूची सूक्ष्मता सांगतात (सुपर 100 साठी कमाल 18.75 मायक्रॉन, सुपर 120 साठी 17.75), आणि आकडा चढला की कापड अधिक मुलायम होते, तसेच अधिक नाजूकही होते. शेतावरून थेट कार्यक्रमाला जाणाऱ्याने वरच्या आकड्याच्या मागे न लागणे बरे.

कापड जितके जाड तितके थंडीला चांगले, हा समज अर्धा खरा असल्यामुळेच चिवट आहे. ऊब कापडाच्या वजनात नसून तंतूंच्या कुरळेपणामुळे अडकून राहणाऱ्या हवेत असते. लोकरीचे दुसरे वैशिष्ट्य असे की, ती आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत बाष्प स्पर्शाला ओली न वाटता शोषून घेऊ शकते आणि शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. पॉलिस्टर नेहमीच्या हवेत अर्धा टक्काही बाष्प धरत नाही, म्हणून त्याच्या कोटात पहाटे गार आणि दुपारी चिकट वाटते. कापडाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, या हिशेबाने मोजतात व दुकानदार त्यालाच जीएसएम म्हणतात. ज्या हॅरिस ट्वीडची छायाचित्रे पाहून लोक मोहात पडतात ते खडबडीत कापड साधारण 400 ग्रॅमच्या पुढचे असते आणि बारामतीच्या दुपारी ते अंगावर ठेवणे ही शिक्षाच होय. येथील हिवाळ्याला 240 ते 300 ग्रॅमचे, किंचित खरखरीत पोताचे लोकरीचे कापड आणि पाठीला अर्धेच अस्तर, एवढे पुरते. अर्ध्या अस्तराने पाठीची हवा खेळती राहते. ट्वीडची हौस असेल तर ती महाबळेश्वरच्या मुक्कामासाठी राखून ठेवावी.

उरलेली थंडी थरांनी भागवावी लागते, आणि कोटाची नक्षी याच ठिकाणी खऱ्या अर्थाने कामाला येते. सकाळी शर्ट आणि कोट यांच्यामध्ये बारीक विणीचा, बिनबाह्यांचा, एकरंगी स्वेटर घातला, गळ्यात मफलर घेतला आणि दुपारी ते दोन्ही उतरवले, तरी चौकडीचा कोट साध्या शर्टावरही पुरेसा भरलेला दिसतो. एकरंगी कोट मात्र तसा उघडा पडतो. स्वेटरचा रंग निवडताना चौकडीतील सर्वांत कमी दिसणारी रेघ, उदाहरणार्थ करड्या चौकडीतून जाणारी बारीक तपकिरी किंवा निळी रेषा, शोधून तोच रंग घ्यावा. मोटारसायकलवरून जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कोटाची वीण वारा अडवत नाही आणि पुढचा गळा उघडाच असतो. पहाटे इंदापूरहून बारामतीला निघताना विंडचीटर अंगात आणि कोट आत-बाहेर उलटा घडी करून पिशवीत, ही दिसायला अवघड पण शहाणी व्यवस्था होय.

नक्षीच्या कोटाबरोबर बाकी सर्व साधेच हवे, हा नियम चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. दोन नक्ष्या एकत्र नांदू शकतात, फक्त त्यांचे माप सारखे असता कामा नये: कोटाची चौकडी तीन-चार बोटे रुंद असेल तर शर्टाची रेघ केसासारखी बारीक असावी, आणि कोटाला हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी उलटसुलट तिरकी वीण असेल, जी दुरून जवळजवळ एकरंगी भासते, तर टाय किंवा खिशातला रुमाल ठळक चालतो. दोन्हीकडे बोटभर चौकोन आले की पाहणाऱ्याची नजर कोठेच ठरत नाही. फेटा हा मात्र स्वतंत्र विषय आहे. लग्नातला लहरिया किंवा जरीचा फेटा ही स्वतःच एक मोठी नक्षी असल्यामुळे त्याखाली फार तर हेरिंगबोन किंवा अगदी बारीक दाण्याची वीण शोभते; ग्लेन चेक आणि जरीचा फेटा एकत्र आले की दोघांपैकी एकाचा अपमान होतो. यजमानांनी फेटे बांधायचे ठरवले आहे काय, हे कोट निवडण्याआधी विचारून घ्यावे.

मोठ्या चौकडीने किंवा आडव्या रेषांनी माणूस जाड दिसतो, या समजाला विज्ञानाचा आधार जेवढा सांगितला जातो तेवढा नाही. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1867 साली पूर्ण झालेल्या दृष्टिविषयक ग्रंथात दाखवून दिले की, आडव्या रेषांनी भरलेला चौरस उभ्या रेषांच्या तेवढ्याच चौरसापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, म्हणजे लोकसमजाच्या नेमके उलट. प्रत्यक्षात स्थूलपणा उघडा पाडते ती चौकडी नव्हे, तर ओढ बसलेले बटण आणि शिवणीवर न जुळलेली रेघ. चांगल्या शिलाईची परीक्षा हातभर अंतरावरून करता येते: खिशावरची झडप बाजूला न करता पाहिली तर तिच्यातून कोटाची रेघ अखंड खाली गेलेली दिसली पाहिजे, छातीवरची आडवी रेघ बाहीवर त्याच उंचीला पुढे सरकली पाहिजे, पाठीच्या मधल्या शिवणीवर चौकोन अर्धा तुटता कामा नये, आणि कॉलरखाली पाठीची उभी रेघ कॉलरच्या रेघेत मिसळली पाहिजे. यासाठी शिंप्याला जास्त कापड लागते. एकरंगी कोट 58 इंच पन्ह्यात दोन मीटरच्या आसपास बसतो, तर चौकडीच्या आकाराप्रमाणे त्यात पाव मीटर किंवा अधिक भर घालावी लागते, आणि ते कापड वाया गेले असे समजून शिंप्याशी वाद घालणे म्हणजे न जुळणारी रेघ मागून घेणे होय. कच्च्या शिलाईवरची ट्रायलही याच कारणासाठी टाळू नये. तयार कोट घेणाऱ्याने वरच्या चार जागा दुकानातच पाहून घ्याव्यात. त्याबरोबर कापड उलटून मागची बाजूही पाहावी, कारण विणलेली नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते आणि छापलेली नक्षी मागे फिकट पडते.

एक नवा आणि अजून फारसा कोणाच्या ध्यानात न आलेला दोष कॅमेऱ्याचा आहे. फार बारीक, तीव्र फरकाच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवर चित्रीकरणात पाण्यावरच्या लाटांसारखे फिरते पट्टे उमटतात, कारण कापडाच्या आणि कॅमेऱ्यातील संवेदकाच्या बारीक जाळ्या एकमेकींवर पडून तिसरीच जाळी दिसू लागते. लग्नाच्या चित्रफितीत नवरदेवाचा मोठा भाऊ आयुष्यभर थरथरत राहू नये असे वाटत असेल, तर मध्यम आकाराची, करड्या किंवा तपकिरी छटांतील चौकडी निवडावी.

प्रसंगांचा काळही पाहावा लागतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या धनुर्मासात ते थांबतात आणि जानेवारीच्या उत्तरार्धात पुन्हा लागतात. म्हणजे या भागातील सर्वांत थंड आठवडे आणि लग्नाची गर्दी एकमेकांना बऱ्याच अंशी चुकवतात. त्यामुळे कोट लग्नापुरताच असतो असे मानणाऱ्याचा कोट नेमक्या थंडीत कपाटात राहतो. महाविद्यालय, बँक, कारखान्याच्या सभा, सकाळचे कार्यक्रम येथे हेरिंगबोनचा किंवा फिकट चौकडीचा कोट साध्या सुती पँटवर सहज चालतो. मूळच्या रानातल्या या पोशाखाला तेवढी मोकळीक आहे.

राहिला प्रश्न निगेचा. प्रत्येक वेळी वापरल्यावर ड्राय क्लीन करावे, हा समज कोटाचे आयुष्य घटवतो. लोकरीला रात्रभर सावलीत वारा दिला आणि मऊ ब्रशने धूळ झटकली की ती पुष्कळशी आपोआप सावरते. गरम पाण्यात घुसळण मात्र कधीच नको, कारण लोकरीच्या तंतूवरील खवले एकमेकांत अडकून कापड कायमचे आकसते. उन्हाळ्याच्या तोंडावर कोट ठेवताना हंगामातून एकदा केलेले ड्राय क्लीनिंग पुरते, पण ते ठेवण्याआधीच करावे: लोकरीला लागणारी कसर ही पतंगाच्या अळीमुळे लागते आणि घामाचे व जेवणाचे डाग राहिलेला भाग ती आधी कुरतडते.